बाबाचा कुत्रा झाला, पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा: कौटुंबिक विनोदी चित्रपटाची पटकथा लिहायला घेतली आहे. बाबा एका कंपनीत विक्रीप्रमुख, सदानकदा कानाला फोन. एका सकाळी तो कुत्रा होऊन जागा होतो. घरात बायको, १२ वर्षांची मुलगी आणि ७ वर्षांचा मुलगा. पहिली २५ पानं झरझर लिहून झाली, ज्यांनी वाचली ते हसले. पुढचा कच्चा ड्राफ्ट कसाबसा पूर्ण करून पाठवला आहे, पण त्यात गाडी रुतली. प्रत्येक सीन ‘बघा, बाबा आता जमिनीवरच्या ताटलीतून खातोय’ याच गमतीवर येऊन थांबतो. निर्मात्यांचं म्हणणं, कुत्र्याला बोलतं करा, विनोद आपोआप वाढेल. करावं का?

मी गेली २२ वर्षं कौटुंबिक आणि मुलांच्या चित्रपटांच्या पटकथा लिहितो, इतरांच्या दुरुस्त करून देतो, आणि त्यातल्या बऱ्याच चित्रपटांच्या सेटवर शेवटच्या दिवसापर्यंत उभा राहिलो आहे. माणसाचा प्राणी होण्याच्या तीन गोष्टी माझ्या हातून गेल्या. तुमची गाडी जिथे रुतली, तिथेच त्या तिन्ही रुतल्या होत्या. निर्मात्यांच्या सूचनेकडे नंतर येतो. आधी रुतण्याचं कारण बघू, कारण कुत्रा बोलला तरी ते कारण जागचं हलणार नाही.

पंचविसाव्या पानापर्यंत तुम्ही एक घटना लिहिलीत. धक्का, आरसा, शेपूट, बायकोची किंकाळी. घटनेचं हसू घटनेपुरतं पुरतं. पुढची ७० पानं चालवायला दुसरा प्रश्न हाताशी लागतो: या माणसाकडून नेमकं काय काढून घेतलं गेलं? ‘माणूसपण’ हे उत्तर फार ढोबळ आहे, त्याच्यावर सीन लिहिता येत नाही. वकिलाची वाचा गेली, सर्जनची बोटं गेली, घरात जिचा शब्द शेवटचा असायचा त्या आईचा शब्दच गेला, असं नेमकं उत्तर हवं. आई किंवा बाप मुलांवर हुकमत चालवताना जे हत्यार सगळ्यात जास्त वापरतो, तेच प्राण्याच्या शरीरात निकामी झालं पाहिजे. ते एकदा ठरलं की प्राणी कोणता, हेही बहुतेक वेळा ठरून जातं.

हे सगळ्यात नीट कुठे जमलं आहे ते सांगतो. पिक्सारचा ‘ब्रेव्ह’ (२०१२) तुम्ही पाहिला असेल. नसेल तर पुढचा ड्राफ्ट लिहिण्याआधी पाहा. जुन्या काळातल्या स्कॉटलंडची गोष्ट. राणी एलिनॉर मुलगी मेरिडाला राजकन्येसारखं वागायला शिकवते: कसं बसायचं, कसं बोलायचं, काय खायचं, शस्त्र हातात का धरायचं नाही. मेरिडाला जंगल, घोडा आणि धनुष्य हवं आहे. ती चेटकिणीकडून आणलेला केक आईला खायला घालते, आणि आईची अस्वल होते. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं, पण आपल्या कामाचा त्यातला एक सकाळचा सीन आहे. ओढ्याकाठी, अस्वल झालेली आई डोक्यावर तो इवलासा मुकुट घालून न्याहारी मांडून बसली आहे. रीतसर. काड्यांचे काटे-चमचे करून. पुढ्यात तिने वेचून आणलेली फळं आहेत. मेरिडा ती बघते आणि सांगते की ही विषारी आहेत. पाणी आणलंय त्यात किडे आहेत.

बघा काय झालं. आयुष्यभर मुलीला ‘हे असं नसतं, ते तसं नसतं’ सांगणारी आई, आणि आज तिला खायचं काय आणि प्यायचं काय हेही कळत नाही. जंगलाचं जे ज्ञान आईला वाया गेलेला वेळ वाटत होतं, त्याच्यावर आता आईचं पोट भरणार आहे. मेरिडा बाण मारून मासा पकडते, तोही ज्या धनुष्यावर आईचा आक्षेप त्या धनुष्याने. थोड्या वेळाने दोघी पाण्यात मासे पकडत खेळताहेत. या सीनमध्ये एकही विनोद अस्वलाच्या अंगावर केलेला नाही. हसू येतं ते आईचा स्वभाव तसाच राहिला आणि शरीर बदललं म्हणून. मुकुट पडू नये म्हणून ती मान जपते, तेव्हा आपण हसतो, आणि त्याच क्षणी तिची दयाही येते.

याच चित्रपटात पुढे दरबाराचा सीन आहे. मेरिडाच्या लग्नावरून भांडायला उठलेल्या सरदारांना शांत करायला मेरिडा उभी राहते. आई मागे लपून आहे; तिला बोलता येत नाही, म्हणून ती पंजांनी खाणाखुणा करते आणि मुलगी त्या खुणा वाचत वाचत बोलते. लग्नाच्या ज्या परंपरेसाठी आई हट्ट धरून बसली होती, ती मोडायला आईच खुणेने सांगते, आणि मुलीच्या तोंडून ती गोष्ट सगळ्यांसमोर येते. आईचा आवाज शाबूत असता तर हा सीन होऊच शकला नसता. तिला बोलता येत नव्हतं म्हणूनच मुलीने पहिल्यांदा आईकडे इतकं निरखून पाहिलं.

आता तुमचा बाबा. त्याचं हत्यार कोणतं? तुम्ही ‘फोन’ लिहिलंय. मला वाटतं फोन हे साधन झालं, हत्यार म्हणजे त्याच्या तोंडचा एखादा शब्द. तुमची पहिली दहा पानं चाळा आणि मोजा: बाबा मुलांशी बोलताना सगळ्यात जास्त वेळा काय म्हणतो? मी मोजलं. ‘थांब जरा.’ नऊ वेळा. मुलगा चित्र दाखवायला येतो, थांब जरा. मुलगी काही विचारते, थांब जरा. तुम्ही ते सहज लिहून गेलात, पण सोनं तिथे पडलंय.

नहुषाची गोष्ट आपल्याला लहानपणापासून माहीत असते. इंद्रपद मिळालं, डोक्यात हवा गेली, पालखीला ऋषी जुंपले, आणि चाल मंद वाटली म्हणून तो ‘सर्प, सर्प’ म्हणाला. म्हणजे चला, लवकर चला. अगस्तींनी तोच शब्द त्याच्यावर उलटवला: सर्प हो. शाप बाहेरून आला नाही, त्याच्याच जिभेवरून उचलला गेला. कौटुंबिक विनोदी चित्रपटासाठी रूपांतराचं यापेक्षा चांगलं तंत्र मला सापडलेलं नाही. जादूची अंगठी, प्रयोगशाळेतलं औषध, गूढ दुकानदार, काहीही वापरा. १९५९च्या ‘द शॅगी डॉग’ या डिस्नेपटात संग्रहालयातून चुकून आलेली अंगठी आणि तिच्यावरचा लॅटिन मंत्र होता, आणि प्रेक्षकांनी तो आनंदाने स्वीकारला. यंत्रणा कशीही चालते. प्रेक्षक तिला दोन मिनिटांत मान्य करतात आणि विसरतात. विसरत नाहीत ती गोष्ट म्हणजे हे संकट त्याने स्वतःच्या तोंडाने ओढवून घेतलं.

‘थांब’ हा शब्द कुत्र्याला शिकवायच्या पहिल्या दोन-तीन हुकमांपैकी आहे. बस, थांब, ये. तुमचा ७ वर्षांचा मुलगा, ज्याला हा आपला बाबा आहे हे माहीत नाही, घरात आलेल्या नव्या कुत्र्याला शिकवायला बसतो. हातात खाऊ, बोट वर. ‘थांब.’ बाबाला भूक लागली आहे. तो पुढे सरकतो. ‘अं हं. थांब.’ मुलगा शिकवताना अगदी बाबाचाच सूर लावतो, कारण हा शब्द त्याने बाबाकडूनच शिकला आहे. मग दारावर मित्र येतो, मुलगा खाऊ तसाच समोर ठेवून पळतो, जाता जाता पुन्हा म्हणतो, थांब. आणि बाबा थांबतो. सगळी दुपार. उन्हाची तिरीप फरशीवरून सरकत सरकत भिंतीवर चढते. कुत्र्याने अजून खाऊला तोंड लावलेलं नाही. त्या ‘थांब’शिवाय एकही संवाद न ठेवता हा सीन लिहा. लहान मुलं कुत्र्याच्या गाळलेल्या लाळेला हसतील आणि त्यांच्या शेजारी बसलेला बाप गप्प होईल. कौटुंबिक चित्रपट म्हणजे एकाच सीनमध्ये दोन्ही वयांना वेगवेगळं काही मिळणं.

आता बोलण्याचं. तीन वाटा आहेत. एक, प्राणी ओठ हलवून सगळ्यांशी बोलतो. दोन, त्याच्या मनातला आवाज फक्त प्रेक्षकांना ऐकू येतो. तीन, तो मुका. पहिली वाट तुमच्या गोष्टीत गाडून टाका, कारण बोलता आलं की बाबा पहिल्या दहा मिनिटांत सगळं समजावून सांगेल, हुकूम सोडेल, आणि कुत्र्याच्या वेषातला तोच विक्रीप्रमुख शिल्लक राहील. दुसरी वाट निर्मात्यांना आवडते, कारण नावाजलेल्या नटाचा आवाज विकता येतो. तिचा धोका ‘नाइन लाइव्ह्ज’मध्ये (२०१६) दिसतो. कामात बुडालेला उद्योगपती बाप मुलीच्या वाढदिवसाला आणलेल्या मांजरात जाऊन अडकतो. कल्पना चांगली, नट मोठे, दिग्दर्शक अनुभवी, तरी समीक्षकांनी तो झोडपला. माझ्या मते त्याचं एक कारण हे, की मांजर पडद्यावर जे करतं त्यावर आवाज सतत भाष्य करत राहतो. मांजराने करायचं काम आवाज करून टाकतो. प्रेक्षकाला मांजराच्या चेहऱ्यात काही शोधायची गरजच उरत नाही.

निर्मात्यांशी भांडू नका, त्यांना मधली वाट द्या. पहिल्या २० मिनिटांत मनातला आवाज भरपूर ठेवा. बाबा अजून स्वतःला विक्रीप्रमुखच समजतो, म्हणून तो सारखा बोलतो. मग आवाज हळूहळू कमी करा. जसजसा तो ऐकायला लागतो तसतसा त्याचा आतला आवाज विरळ होतो. चित्रपटाच्या उत्तरार्धात तो दोन-तीनदाच ऐकू यावा, आणि एका सीनमध्ये, जिथे प्रेक्षक त्याची वाट बघत असतील, तिथे तो येऊच नये. अशी शांतता मी एका चित्रपटात वापरली होती. डबिंगच्या वेळी सगळ्यांचा आग्रह होता की इथे एक वाक्य टाकू. आम्ही टाकलं, पाहिलं, काढलं. त्या चित्रपटातलं ते वाक्य काढणं हे माझ्या हातून झालेल्या चांगल्या कामांपैकी एक आहे असं मी मानतो.

मुक्या प्राण्याला भाव कसे येतील, ही भीती अनाठायी आहे. १९२०च्या सुमारास लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने मोझ्झुखिन या नटाचा एकच निर्विकार क्लोज-अप घेतला आणि त्याच्यापुढे आळीपाळीने सूपचं भांडं, शवपेटी आणि एक स्त्री असे शॉट जोडले. पाहणाऱ्यांना त्याच चेहऱ्यात भूक, शोक आणि इच्छा दिसली. कुत्र्याचा चेहरा यासाठी मोझ्झुखिनपेक्षाही सोयीचा. मुलीचं रडू, मग कुत्र्याचा चेहरा. फोनची घंटी, मग कुत्र्याचा चेहरा. भाव प्रेक्षक भरतो आणि स्वतः भरलेला भाव त्याला जास्त खरा वाटतो. राजामौळींच्या ‘ईगा’मध्ये (२०१२), आपण हिंदीत ‘मक्खी’ म्हणून पाहिलेल्या चित्रपटात, नायक चक्क माशी आहे. तिच्या चेहऱ्याला भाव असे दिलेलेच नाहीत, सगळं अंगाच्या हालचालींतून सांगितलंय, आणि थिएटरमध्ये लोक त्या माशीसाठी टाळ्या वाजवत होते.

पुढची अडचण तुमच्या पटकथेत मला स्पष्ट दिसते आणि तुम्ही तिचा उल्लेखही केलेला नाही. बाबा नाहीसा झाला आहे. कुत्रा घरात हिंडतोय ते ठीक, पण माणूस कुठे गेला? सेहेचाळिसाव्या पानावर बायको रडते आणि सत्तेचाळिसाव्या पानावर कुत्रा सोफ्यावरून घसरतो म्हणून आपण हसावं अशी अपेक्षा आहे. नवरा बेपत्ता असलेल्या घरात कोणी हसू शकत नाही. या प्रकारच्या प्रत्येक चित्रपटाला ही गाठ सोडवावी लागते. ‘नाइन लाइव्ह्ज’मध्ये बापाचं शरीर कोमात हॉस्पिटलमध्ये आहे, म्हणजे तो हरवलेला नाही. २००६च्या नव्या ‘द शॅगी डॉग’मध्ये सरकारी वकील असलेला बाप मध्येच माणूस, मध्येच कुत्रा होत राहतो आणि भर कोर्टात गुरगुरतो, त्यामुळे गैरहजेरी तुकड्या-तुकड्यांची होते. ‘ब्रेव्ह’ने मुदत घातली: दुसऱ्या सूर्योदयाच्या आत तोडगा निघाला नाही तर आई कायमची अस्वल. दोन दिवसांची गोष्ट असली की शोधाशोध आवाक्यात राहते, वर घड्याळाची टिकटिकही फुकट मिळते.

तुमच्यासाठी चौथी वाट सुचवतो, आणि ही मला एका कार्यशाळेत १९-२० वर्षांच्या मुलीने दाखवली. आम्ही अशीच गोष्ट चर्चेला घेतली होती. सगळे पोलीस, बेपत्ता, खोटी चिठ्ठी यावर डोकं लढवत होते. ती म्हणाली, ‘पण कोणाला कळेलच कशाला? ते टूरवर गेलेत असंच वाटेल ना सगळ्यांना.’ खोलीत क्षणभर कोणी बोललं नाही. तुमच्या गोष्टीत हे तंतोतंत बसतं. तीन दिवस घरात कोणालाही बाबा नसल्याचं जाणवत नाही. बायको ‘गेला असेल, सांगायचं विसरला असेल’ म्हणते, रागाने नव्हे, सवयीने. मुलगा विचारतही नाही. आणि बाबा तिथेच, पायाशी बसून हे ऐकतोय. विनोदाची दोरी तुटत नाही, कारण कोणी रडत नाहीये, आणि तुमच्या बाबाला पहिला खरा मार बसतो. चौथ्या दिवशी कोणाच्या तरी लक्षात आलं पाहिजे. कोणाच्या? तिथून तुमचा उत्तरार्ध सुरू होतो.

कॅमेरा कुठे ठेवायचा हे पटकथेत लिहू नये असं शिकवतात. या एका चित्रपटात लिहा. कुत्र्याच्या डोळ्यांची उंची म्हणजे जेवणाच्या टेबलाखालची जागा. बाबाने आजवर त्या टेबलावर मुलांचे चेहरे पाहिले, तेही फोनवरून अर्धवट नजर उचलून. आता त्याला वरचं काही दिसत नाही, फक्त पाय दिसतात. वर आई विचारते, शाळेत कसं चाललंय? मुलीचा आवाज येतो, ‘मस्त.’ आणि खाली तिचे पाय: एक पाऊल दुसऱ्यावर घट्ट दाबलेलं, अंगठा मोज्याच्या भोकातून बाहेर येऊन फरशी कुरतडतोय. आवाज खोटं बोलतो, पाय बोलत नाहीत. मुलाचे पाय जमिनीला पुरतही नाहीत, ते हवेत झुलताहेत. बहीण ‘मस्त’ म्हणते तेव्हा ते झुलायचे थांबतात. म्हणजे त्याला माहीत आहे. बायकोचा एक पाय चपलेतून अर्धा बाहेर, घोट्याला दिवसभर उभं राहिल्याची सूज. या एका शॉटमध्ये बाबाला त्याच्या कुटुंबाविषयी जितकं कळलं, तितकं त्याला दहा वर्षांत कळलेलं नाही. तुमच्या पटकथेत जेवणाचे तीन सीन आहेत आणि तिन्ही वेळा कॅमेरा टेबलाच्या वर आहे, कुत्र्याने ताटातलं पळवलं या विनोदासाठी. एक राहू द्या. उरलेले दोन खाली आणा.

मुलं प्राण्याजवळ मन मोकळं करतात, हे तुम्ही लिहिलंच आहे, मुलगी रात्री कुत्र्याला जवळ घेऊन सगळं सांगते तो सीन चांगला उतरलाय. २००६च्या ‘द शॅगी डॉग’मध्येही बापाला असंच कळतं की मुलाचा जीव फुटबॉलमध्ये नसून संगीत नाटकात आहे. पण यातला पुढचा पेच फार थोडे लेखक उचलतात, आणि तो तुम्ही उचलावा असं मला मनापासून वाटतं. मुलीने ते बाबाला सांगितलेलं नाही. कुत्र्याला सांगितलंय. बाबा माणूस झाल्यावर त्या माहितीचं काय करणार? त्याने लगेच शाळेत जाऊन प्रकरण निस्तरलं तर तो तोच जुना विक्रीप्रमुख, अडचण दिसली की निकाली काढणारा. आणि मुलीला जेव्हा कळेल की त्या रात्री आपल्या मांडीवर बाबाचं डोकं होतं, तेव्हा तिला लाज वाटेल, राग येईल, फसवल्यासारखं वाटेल. वाटायलाच हवं. तुमच्या सध्याच्या ड्राफ्टमध्ये ती लगेच गळ्यात पडते. १२ वर्षांची मुलगी पडणार नाही. तिला आधी दार आपटू द्या.

ओळख पटण्याबद्दल. अक्षरांचे ठोकळे लावून कुत्रा ‘मी बाबा’ लिहितो, हा तुमचा सीन काढून टाका. बाबाने स्वतःहून सिद्ध करायचं नसतं, मुलाने ओळखायचं असतं. जपानी दिग्दर्शक मियाझाकींच्या ‘स्पिरिटेड अवे’ (२००१) या ॲनिमेशनपटात चिहिरो या मुलीचे आई-बाबा डुकरं झाले आहेत, शेवटी तिच्यापुढे डुकरांचा कळप उभा करून विचारतात, यातले तुझे कोणते? ती बघते आणि सांगते, यात कोणीच नाहीत. बरोबर असतं. तिला कसं कळलं हे चित्रपट सांगत नाही, आणि सांगत नाही म्हणून ते आपल्याला पटतं. तुमच्याकडे मात्र ओळखीची खूण हवी, कारण तुमचा चित्रपट विनोदी आहे आणि खुणेत विनोद आहे. एखादी फालतू वाटणारी सवय शोधा: फोनवर बोलताना दाराच्या चौकटीला पाठ घासणं, जिना उतरताना शेवटची पायरी टाळणं. ती पहिल्या पाच पानांत दोनदा दाखवा, कोणाचं लक्ष जाणार नाही इतकी हळूच. कुत्रा तीच सवय करतो. धाकटा बघतो, पुन्हा बघतो, काही बोलत नाही. धाकट्याला आधी कळावं, कारण त्याला हे अशक्य आहे हे अजून कोणी शिकवलेलं नाही. आणि त्याने चोवीस तास ते कोणालाच सांगू नये, कारण बाबा पहिल्यांदाच पूर्ण त्याचा एकट्याचा आहे. या चोवीस तासांत तुमचे सगळ्यात मजेदार सीन आहेत. आपला कुत्रा बाबा आहे हे माहीत असलेला ७ वर्षांचा मुलगा त्याला काय काय करायला लावेल, ते लिहायला बसलात तर हात थांबणार नाही.

बाकीचे विनोद, म्हणजे ताटली, गोचिडी, खांब, डॉक्टरांकडची सुई, एकेकदा वापरा आणि सोडा. प्रत्येक सीनला एकच कसोटी लावा: या जागी साधा, खराखुरा कुत्रा ठेवला तरी सीन तसाच चालतो का? चालत असेल तर तो कुत्र्याचा सीन आहे, बाबाचा नाही. तुमच्या पटकथेला मी ही कसोटी लावून पाहिली, ११ सीन गळले.

चित्रीकरणाबद्दल थोडं, कारण ते लिहितानाच डोक्यात असलेलं बरं. पडद्यावर जो एक कुत्रा दिसतो, तो सेटवर बहुधा तीन किंवा चार सारख्या दिसणाऱ्या कुत्र्यांचा मिळून झालेला असतो. एक शांत बसणारा, एक धावणारा, एक माणसांत मिसळणारा. ‘बेब’ (१९९५) या डुकराच्या पिल्लाच्या चित्रपटात पिल्लं भराभर वाढतात म्हणून एकूण ४८ पिल्लं वापरली होती. म्हणून कुत्र्याच्या अंगावर ठळक ठिपका किंवा विचित्र खूण लिहू नका, जोड्या मिळणार नाहीत. एका सीनमध्ये कुत्र्याची एकच कृती लिहा. ‘तो दार उघडतो, फोन उचलतो आणि सोफ्याखाली लपवतो’ हे वाचायला एक वाक्य आहे, ट्रेनरसाठी तीन आठवड्यांची तीन वेगळी कामं आहेत. कुत्रा ट्रेनरच्या हाताकडे बघतो, बालकलाकाराकडे नाही. दोघांच्या नजरा एका फ्रेममध्ये जुळवणं हे सेटवरचं सगळ्यात वेळखाऊ काम. म्हणून मुलाची आणि कुत्र्यांची तालीम चित्रीकरणाच्या बऱ्याच आधी सुरू करा, त्यांना एकत्र नुसतं खेळू द्या. मुलाला कुत्र्याची खरोखर सवय झाली की कुत्रा आपण होऊन त्याच्या अंगावर डोकं टेकतो, आणि तो शॉट कोणताही ट्रेनर आणून देऊ शकत नाही. ज्या देशात चित्रीकरण कराल तिथले प्राण्यांच्या वापराचे नियम आणि परवानग्या पहिल्या दिवशीच मागवून घ्या. थकलेल्या जनावराकडून आणखी एक टेक मागायचा नाही, हे मी करारातच लिहून घेतो. लांब, धोक्याच्या किंवा पाण्यातल्या शॉटसाठी व्हीएफएक्सचा, म्हणजे संगणकावर घडवलेला कुत्रा वापरा. जवळच्या, डोळ्यांच्या शॉटसाठी जिवंत कुत्राच हवा.

राहिलं माणूस होणं. तुमच्या बाबाला धडा मिळतो, तो मनात कबुली देतो, प्रकाश पडतो, तो माणूस होतो. कबुलीने काही सिद्ध होत नाही. त्याला असं काही करावं लागलं पाहिजे ज्याने परत माणूस होण्याची संधीच जाईल. मुदत संपायला थोडा वेळ उरलाय, तोडगा शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, आणि वाटेत शाळेच्या फाटकाशी मुलगा एकटा उभा आहे. मुलगा त्याला म्हणतो, थांब. आता तोच शब्द, पण विनवणीने. बाबाला माहीत आहे की थांबलो तर आयुष्यभर कुत्रा. तो थांबतो, मुलाच्या पायाशी बसतो. यापुढे काय होतं ते तुम्ही ठरवा, मात्र तो माणूस होणार असेल तर त्याच बसलेल्या स्थितीत व्हावा, फुटपाथवर, मुलाच्या चेहऱ्याच्या उंचीवर. उभा होऊ देऊ नका.

पुढच्या ड्राफ्टला हात घालण्याआधी दोन सीन वेगळ्या कागदावर लिहून मला पाठवा: टेबलाखालचा आणि दुपारभर थांबण्याचा. दोन्हींत मिळून बाबाचा आवाज शून्य वेळा. आईचा प्रश्न, मुलीचं ‘मस्त’ आणि मुलाचं ‘थांब’ यांशिवाय एकही ओळ नको. ते दोन जमले की बाकीची ७० पानं कुठे न्यायची हे तुम्हाला माझ्याआधी कळेल.